बिले नंतर, पैसे आधी

परदेशातल्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दहा-बारा आठवडे काम करणे ही गोष्ट आता आयआयटी आणि आयसरच्या मुलांपुरती राहिलेली नाही. नांदेड, जळगाव किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात एमएस्सी करणारी मुलगीही तिकडच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचते, त्यांना ईमेल लिहिते, आपल्याला काय येते ते नीट मांडते, आणि बऱ्याच पत्रांनंतर एखादा होकार येतो. इथवरचे श्रेय तिचे आणि तिच्या शिक्षकांचे. पुढची जबाबदारी विद्यापीठाची, आणि गाडे अडते ते इथेच. अशा कामासाठी विद्यापीठाने पैसे द्यावेत की नाही, दिले तर किती द्यावेत, यावर आपल्याकडे थोडीफार चर्चा होते. ते कधी द्यावेत यावर मात्र होत नाही. माझे म्हणणे असे की, कोण जाणार आणि कोण घरी राहणार हे रकमेपेक्षा तिच्या वेळेवर जास्त ठरते. पैसे परतल्यावर मिळणार असतील, तर निवड समितीने यादी कितीही चोख केली तरी शेवटची निवड घरच्या ऐपतीवरच होते.

कागद कसा फिरतो ते पाहिले की हे लक्षात येते. यजमान प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र आले की विद्यार्थिनी अर्ज करते, विभागप्रमुख शिफारस जोडतात, आवक क्रमांक पडतो, टिपणी तयार होते, समितीची बैठक लागते आणि मंजुरी आदेश निघतो. आदेशात बहुधा एक ओळ असते: मंजूर रकमेच्या मर्यादेत, मूळ बिले व बोर्डिंग पास सादर केल्यानंतर प्रतिपूर्ती करण्यात येईल. लेखा विभागाच्या दृष्टीने ही ओळ निर्दोष आहे. विद्यार्थिनीच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, सगळा खर्च आधी स्वतः करायचा. साधा पासपोर्ट १,५०० रुपयांचा. अमेरिकेला जायचे तर जे-१ व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर आणि सेव्हिस नोंदणीचे २२० डॉलर, म्हणजे विमानाचे तिकीट काढण्याआधीच तीस हजार रुपयांहून जास्त गेले, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. शिक्षणासाठी युरोपात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन व्हिसाचे शुल्क माफ असते, पण अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क माफ नसते, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा घ्यावाच लागतो. त्यावर तिकीट, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे. जर्मनीत भाड्याच्या घरासाठी तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागायला कायद्याची मुभा आहे. यजमान संस्था विद्यावेतन देणार असली तरी ते तिथे पोहोचून बँकेत खाते उघडल्यावर हाती पडते. तोवरचे दिवस कोणाच्या पैशावर काढायचे?

याहून अवघड पेच व्हिसाचा आहे. अमेरिकेतले यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ हा कागद देण्याआधी राहण्या-जेवण्याच्या खर्चाची तजवीज झाल्याचा पुरावा मागते. युरोपीय दूतावासांना बँक खात्याचे गेल्या काही महिन्यांचे उतारे लागतात. ज्या घराचे उत्पन्न वर्षातून दोनदा, माल बाजार समितीत गेल्यावर येते, त्या घराचा बँकेचा उतारा त्या घराची पत दाखवत नाही. अशा वेळी रक्कम विद्यार्थिनीच्या खात्यात जमा झाली आहे किंवा ठरलेल्या तारखेला बिनशर्त होणार आहे, असे विद्यापीठाचे पत्र तिच्या फार उपयोगाचे ठरते. परतल्यावर बिले तपासून पैसे देऊ, हे पत्र व्हिसा अधिकाऱ्यासाठी जवळजवळ कोरा कागद आहे. म्हणजे विद्यापीठ खर्च करायला तयार आहे, रक्कमही मंजूर झाली आहे, आणि तरी जिच्यासाठी ती मंजूर झाली तिला ती नेमक्या वेळी वापरता येत नाही. काही जणी सावकाराकडून किंवा पतपेढीतून कर्ज काढतात आणि विद्यापीठाने द्यायच्या पैशावर स्वतः व्याज भरतात. बाकीच्या अर्जच करत नाहीत, आणि अर्ज न करणाऱ्यांची नोंद कोणत्याच फाइलीत होत नसल्यामुळे वर्षाअखेरीस ‘पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण पुढच्या वर्षीची तरतूद कमी करायला तोच कारण म्हणून पुढे येतो.

खर्चाची आणखी एक बाजू आपण मोजतच नाही. सुट्टीत कित्येक मुले कमावतात. कोणी शिकवण्या घेते, कोणी दुकानात उभे राहते, कोणी शेतात राबते, आणि त्या पैशावर पुढच्या वर्षाचे शुल्क व खाणावळ भागते. तीन महिने परदेशात जाणे म्हणजे ही कमाई बुडणे. आपल्या विद्यापीठांना ही गोष्ट अपरिचित नाही. ‘कमवा आणि शिका’ योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आली आणि अनेक विद्यापीठांत आजही चालते. ज्या मुलाला महिनाभराच्या मोबदल्यासाठी ग्रंथालयात काम करावे लागते, त्याच मुलाकडून आपण लाख-दोन लाख रुपये आगाऊ खर्च करण्याची अपेक्षा ठेवतो.

शासनाच्या योजना आहेत, मग विद्यापीठाने कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही योजना मोलाच्या आहेत आणि त्यांनी अनेक घरांतली पहिली पिढी परदेशी विद्यापीठांत पोहोचवली. पण त्या पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडीसाठी आहेत, दहा आठवड्यांच्या संशोधनासाठी नाहीत. अल्पकालीन कामासाठी जर्मनीची डाड वाइज, कॅनडाची १२ आठवड्यांची मिटॅक्स ग्लोबलिंक, हरगोविंद खोराना यांच्या नावाची जैवतंत्रज्ञानातली योजना असे चांगले मार्ग आहेत. त्यांच्या जागा मात्र मोजक्या आणि स्पर्धा देशभराची. शिवाय विषय आणि प्रयोगशाळा योजनेच्या चौकटीत बसाव्या लागतात. आपल्या विभागातल्या मुलीने स्वतः मिळवलेला होकार या कुठल्याच चौकटीत बसत नसेल, तर तिला ओळखणारी संस्था एकच उरते, ती म्हणजे तिचे विद्यापीठ.

युरोपने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. तिथली इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली आणि आज तिच्यात शिक्षणाबरोबर परदेशातली इंटर्नशिपही येते. निघण्याआधी विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान संस्था असे तिघे एका करारावर सह्या करतात. काय काम करायचे, त्याचे किती श्रेयांक मिळायचे, हे त्यात आधीच ठरते. अनुदानाचा मोठा हप्ता, ७० टक्क्यांपासून पूर्ण रकमेपर्यंत, मुक्काम सुरू होण्याच्या सुमारास विद्यार्थ्याच्या हातात पडतो. शिल्लक राहिलेली रक्कम शेवटचा अहवाल दिल्यावर मिळते. ज्यांची परिस्थिती बेताची आहे त्यांना महिन्याला २५० युरो जादा दिले जातात. अमेरिकेची गिलमन शिष्यवृत्तीही याच विचाराची: पेल अनुदान घेणाऱ्या, म्हणजे आर्थिक गरज आधीच सिद्ध झालेल्या विद्यार्थ्यांसाठीच ती आहे. श्रीमंत देशांना ते परवडते, असे म्हणून हे बाजूला सारता येणार नाही. हप्ता आधी द्यावा की नंतर, हा रकमेचा नव्हे तर पद्धतीचा प्रश्न आहे. तेवढेच पैसे लवकर देण्यासाठी जादा पैसे लागत नाहीत.

लेखापरीक्षणाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. सार्वजनिक पैसा विद्यार्थ्याच्या हाती आगाऊ दिला आणि तो गेलाच नाही, किंवा अर्ध्यातून परतला, तर जबाबदार कोण? ही भीती बाळगणाऱ्या लेखाधिकाऱ्याला मी दोष देणार नाही, आक्षेपाचा परिच्छेद अहवालात त्याच्याच नावावर येतो. पण प्रवासासाठी अग्रीम देण्याची आणि परतल्यावर हिशेब मिटवण्याची रीत शासकीय कार्यालयांत जुनी आहे, ती शिक्षक आणि अधिकाऱ्यांना लागू होते. विद्यार्थ्यालाही ती लागू करता येईल. तिकीट विद्यापीठाने अधिकृत एजंटमार्फत थेट काढले, व्हिसा आणि विम्याचे शुल्क पावतीवर आठवड्याच्या आत दिले, निर्वाहाचा ऐंशी टक्के हप्ता निघण्याआधी बँकेत भरला आणि उरलेला अहवाल व यजमानाच्या पत्रानंतर दिला, तर अपहाराला वाव फारच थोडा राहतो. उलट आजच्या पद्धतीत बोर्डिंग पासची चिठ्ठी हरवली म्हणून खरा खर्च नाकारला जातो. विद्यार्थी गेला होता हे पासपोर्टवरचे शिक्केही सांगतात.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. आपल्या महाविद्यालयांत साधी उपकरणे बंद पडलेली, रसायने संपलेली, शिक्षकांच्या जागा रिकाम्या. अशा वेळी मूठभर मुलांच्या परदेशवारीवर खर्च का? निवड खरोखरच या दोहोंत एकाची असती, तर मी प्रयोगशाळेच्या बाजूने मत दिले असते. पण एका चांगल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटीच्या घरात जाते आणि अशा उपकरणांचे दुखणे बहुतेकदा वेगळेच असते: ते चालवणारे, नमुना नीट तयार करणारे, बिघाड ओळखणारे हात नसतात. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. जिथे ते उपकरण रोज चालते तिथे काही आठवडे उभे राहूनच ते होते. म्हणून जाणाऱ्या विद्यार्थिनीवर एक अट जरूर असावी: परतल्यावर एका सत्रात तिने आपल्या विभागातल्या मुलांना ते तंत्र शिकवावे. हा खर्च मग तिच्या एकटीचा राहत नाही.

शिकून तिकडेच राहतील, म्हणून कडक बंधपत्र घ्या, असेही सुचवले जाते. यावर महाराष्ट्राच्या हाती असलेला सर्वांत मोठा दाखला बडोद्याचा आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले, तर शहरात जातीमुळे राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. करार मोडला तो विद्यार्थ्याच्या अप्रामाणिकपणामुळे नव्हे. १९२० साली स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाले. महिन्याच्या महिन्याला हाती येणाऱ्या रकमेने काय घडू शकते आणि ती अवेळी थांबली की काय ओढवते, हे दोन्ही या एका आयुष्यात दिसते. दहा-बारा आठवड्यांच्या कामासाठी तर बंधपत्राची गरजच नाही. विद्यार्थिनीची पदवी इथे व्हायची असते, ती परत येतेच.

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे अंदाजपत्रक साधारणपणे मार्च महिन्यात अधिसभेसमोर येते. त्यात ‘विद्यार्थ्यांचे परदेशातील अल्पकालीन संशोधन व इंटर्नशिप’ असे स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, रक्कम सुरुवातीला दहा विद्यार्थ्यांपुरती का असेना, आणि त्याखाली प्रतिपूर्तीऐवजी अग्रीम असा शब्द स्पष्ट लिहिलेला असावा. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य असतात. तुम्ही अशी नोंदणी केली असेल, तर आपल्या प्रतिनिधीला या बैठकीआधी एक पत्र लिहा आणि ही तरतूद मागा.