जुनी विंडोज, नवा संगणक आणि ओव्यांच्या फायली

शिरूर कासारला माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाची पत्रके, शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर ते चालते. गेल्या पावसाळ्यात विजेच्या चढउतारात २०१० साली घेतलेल्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क मात्र वाचली. पत्रिकांच्या फायली गेल्या असत्या तरी मला फारसे दुःख झाले नसते. पण त्याच डिस्कवर तालुक्यातल्या बायकांकडून ऐकून टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. हाताने उतरवलेल्या वह्यांपैकी दोन वह्या वाळवीने खाल्ल्या आणि सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या आता राहिल्या नाहीत. त्यामुळे त्या ओव्यांची खरी प्रत म्हणजे ही डिस्कच.

नवा संगणक घेतला आणि फायली त्यावर उतरवल्या. त्या उघडेनात. त्या पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेल्या. फॉन्टचे सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत खोचायचे ‘लॉक’ लागते, आणि माझ्याकडच्या लॉकचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटच्या विंडोजवर चालतो. म्हणून ठरवले, की नव्या संगणकावर जुनी विंडोज ७ टाकायची. भाचा म्हणाला, “मामा, मशीन नवं हाय, त्याला जुनं तर चालायलाच पायजे.” मलाही तसेच वाटत होते.

पहिला प्रयत्न अगदी आळशी होता: जुनी डिस्क काढून थेट नव्या संगणकाला जोडली. तिची दखलच घेतली गेली नाही. भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन ‘सिक्युअर बूट’ बंद केले आणि जुन्या बायोसची नक्कल करणारा ‘सीएसएम’ हा पर्याय चालू केला. मग विंडोजचे चिन्ह दिसले आणि लगेच निळा पडदा आला, शेवटी ७बी हा क्रमांक.

हा क्रमांक समजला की पुढचे सगळे समजते. संगणक सुरू होताना बायोस डिस्कवरून विंडोजचा पहिला भाग उचलून आणते. त्यानंतर विंडोज कारभार स्वतःच्या हाती घेते, आणि तेव्हापासून तिला डिस्क, कीबोर्ड, माऊस हे सारे फक्त स्वतःच्या ड्रायव्हरमधूनच दिसते. ड्रायव्हर नसेल तर ज्या डिस्कवरून ती आली तीच डिस्क तिला सापडत नाही. ७बीचा अर्थ इतकाच. डिस्क बिघडलेली नसते. पुष्कळ जण इथेच घाबरून ती फॉरमॅट करून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मीही आधी डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवली होती.

दुसऱ्या खेपेला नव्याने इन्स्टॉल करायला घेतले, पेनड्राइव्हवरून. भाषा निवडण्याचा पडदा आला आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही मेले. विंडोज ७ बाजारात आली ऑक्टोबर २००९मध्ये. तेव्हा यूएसबी ३ नुकतीच येत होती आणि विंडोज ७मध्ये तिचा ड्रायव्हर नाही. पूर्वीच्या बोर्डांवर जुन्या पद्धतीचे यूएसबी नियंत्रकही असत, त्यामुळे अडत नसे. २०१५ नंतरच्या इंटेलच्या बोर्डांवरून ते गेले. माझ्या बोर्डाला गोल पिनेच्या कीबोर्डची जागा होती, म्हणून अडगळीतला जुना कीबोर्ड काढला. तो चालला. पुढे संदेश आला, की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. सीडी तर लावलेलीच नव्हती! हा संदेश भल्याभल्यांना फसवतो. खरी गोष्ट अशी, की सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसत नसतो.

जुन्या संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह आतून जोडला, मूळ सीडी घातली. तो अडथळा गेला. आता विंडोज कुठे टाकायची ते विचारणारी यादी आली, आणि ती यादी कोरी. नव्या संगणकातली डिस्क एनव्हीएमई पद्धतीची होती, आणि मूळ विंडोज ७ला ती पद्धत ठाऊक नाही.

यांतल्या प्रत्येकावर उपाय आहे. ड्रायव्हर आधीच मिसळून नवी सीडी तयार करता येते. पण ते करूनही पुढे ग्राफिक्स आणि नेटवर्कचे ड्रायव्हर मिळण्याची खात्री नाही, आणि सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२०लाच थांबले. आणखी नव्या बोर्डांवर तर सीएसएमच नसते, आणि ३२ बिटची विंडोज ७ त्याशिवाय सुरूच होत नाही. तीन दिवस घालवून मी नाद सोडला.

मग उलटा विचार केला. जुन्या विंडोजला नवा संगणक ओळखता येत नसेल, तर तिला जुनाच संगणक दाखवावा. व्हर्च्युअलबॉक्स हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर नेमके हेच करते. विंडोज ११च्या आत एका खिडकीत ते २००९च्या ओळखीचा संगणक उभा करते: जुनी बायोस, साधी डिस्क, जुनी यूएसबी. त्याला २ जीबी मेमरी आणि ४० जीबी जागा दिली, इंटरनेट बंद ठेवले. विंडोज ७ अर्ध्या तासात बसली. लॉक खोचून ते त्या खिडकीकडे वळवले, आणि पहिली फाइल उघडली. अक्षरे मराठीत दिसली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते.

पण इथे थांबलो असतो तर हे दुखणे पुन्हा उद्भवले असते, कारण फायलीत मराठी नव्हतीच. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरतो रोमन कचरा. विंडोज २०००मध्ये युनिकोडची देवनागरी आली, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट आला, तरी आमची दुकाने जुन्याच वाटेने चालत राहिली, कारण पेजमेकरला युनिकोड येत नव्हते आणि आमचे हात जुन्या कीबोर्डाला बसले होते.

रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती डोळे झाकून वापरू नयेत. ‘शिरूर’ लिहिताना जुन्या फॉन्टात वेलांटी आधी येते, मग श. जसे दिसते तसे. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी श, मग वेलांटी. ‘पाथर्डी’त रफार जुन्या पद्धतीने डीनंतर येतो, नव्या पद्धतीने र हा ड-च्या आधी. साधन हे बहुतेक ठिकाणी बरोबर फिरवते, पण जोडाक्षरावर रफार असला की चुकते. शिवाय बोलीतले शब्द कोशात नाहीत, त्यामुळे चूक साधनाची की मूळ सांगणारीचा उच्चारच तसा, हे यंत्राला कळत नाही.

आजवर दोनतृतीयांश पाने झाली. उरलेल्यांत काही ओळी अशा आहेत, की मलाही खात्री नाही. त्या सांगणाऱ्या बाईची सून रायमोहाकडे असते. दिवाळी झाली की ती कोयत्यावर निघेल. त्याआधी छापलेली पाने घेऊन मला तिच्याकडे जायचे आहे.