मासा, मधमाशी आणि कुरर: कवितेतला लोभ कसा वाचावा

नृसिंहवाडीला दर्शनाला जाणाऱ्या कोल्हापूरकरांनी दत्तगुरूंच्या २४ गुरूंविषयी ऐकलेलं असतं. त्यांत बरेच पशू, पक्षी आणि कीटक आहेत. संत एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या ‘एकनाथी भागवता’त ते ओव्यांमधून भेटतात. ओवी म्हणजे तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, असा छंद. यांपैकी मासा, मधमाशी आणि कुरर हा पक्षी लोभाचे धडे देतात. मुलांकडून रसग्रहण करून घेताना ते कसे वाचायचे, हे क्रमाने पाहू.

पहिली पायरी, बोलतंय कोण? इथे अवधूत, म्हणजे सगळे पाश सोडलेला विरक्त, यदुराजाशी बोलतो आहे. परंपरा त्याला दत्तात्रेयच मानते. माशाचं मरण सांगतानाही तो त्याला गुरूच म्हणतो. पुष्कळांचं इथेच चुकतं: ते प्राण्याला दोषी ठरवून मोकळे होतात. भूक हा माशाचा स्वभाव आहे. कवितेचा रोख ऐकणाऱ्या माणसावर आहे.

दुसरी पायरी, हाव नेमकी कशाची? माशाला चवीची. मधमाशीला साठवण्याची. कुरराला चोचीतला मांसाचा तुकडा धरून ठेवण्याची. तिन्हींना नुसतं ‘लोभ’ म्हटलं, तर कवीने तीन वेगळे प्राणी का घेतले, हे कळतच नाही.

तिसरी पायरी, परिणाम घडतो कसा? ‘म्हणून’ हा शब्द वापरत एकेक कडी जोडून पाहा. माशाला आमिष दिसतं, गळ दिसत नाही. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, म्हणून मासा सुटायला जितका झटके देतो तितका तो रुततो. मधमाशी मध साठवते, म्हणून मध काढणारा पोळ्याशी येतो आणि साठ्यासकट तिचाही नाश होतो. कुरराजवळ मांस आहे, म्हणून त्याच्याहून बळकट पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. त्यांचं वैर कुरराशी नाही, त्या तुकड्याशी आहे. म्हणजे शिक्षा द्यायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. जे धरलं, तेच संकट ओढून आणतं.

चौथी पायरी, सुटकेची जागा शोधा. घाईत वाचताना हीच हमखास निसटते. आमिष गिळल्यावर माशाच्या हातात काही उरत नाही. कुरर मात्र तुकडा टाकून देतो, आणि त्याच क्षणी पाठलाग थांबतो. या तिघांत वेळेवर सोडणारा तो एकटाच, म्हणून त्याची गोष्ट भीती न घालता वाट दाखवते. भावकीतल्या जमिनीच्या वादात पिढ्या घालवणाऱ्यांना ती चटकन कळेल.

पाचवी पायरी, अर्थ आपल्या शब्दांत लिहा. ‘अति तेथे माती’ एवढं लिहून थांबू नका. ती म्हण कुठेही चालते. कुररासाठी असं लिहिता येईल: ‘वस्तू सोडली की तिच्यासाठी होणारे हल्लेही थांबतात.’ मग तेच वाक्य माशाला लावून पाहा. तिथेही ते तसंच बसत असेल, तर आपण अजून वरवरच वाचतो आहोत. पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.