परभणीचं ऊन आणि परसबाग: चार गैरसमज

मे महिन्यात परभणीत पारा 42-43 अंशांवर जातो, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी परसबागेसाठी जो तो एकच सल्ला देतो: पाणी वाढवा. खरी गरज असते ती घातलेलं पाणी टिकवण्याची.

गैरसमज: दुपारी झाडानं मान टाकली, म्हणजे त्याला पाणी कमी पडतंय.
वस्तुस्थिती: भर उन्हात मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं. त्यामुळे बुडाशी ओल असूनही जास्वंद मलूल दिसते. दिवस कलल्यावर सावरली, तर काळजी नको. सकाळीही तशीच असेल, तर बोटभर माती उकरून पाहा. खाली चिखल लागला, तर पाणी जास्त होतंय. काळी माती ओल धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

गैरसमज: रोज थोडं थोडं पाणी चांगलं.
वस्तुस्थिती: कुंडीसाठी ठीक. जमिनीतल्या झाडाची मुळं मात्र अशानं वरच्या वरच राहतात. काही दिवसांआड, सकाळी लवकर आळं भरून पाणी द्या. वर सोयाबीनच्या भुसकटाचा तीनेक इंच थर पसरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा.

गैरसमज: कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घातलं, म्हणजे बचत झाली.
वस्तुस्थिती: वाफ उडून जाते, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं जड पाणी त्यात आणखी खारट होतं. कूलरच्या जाळीवर साचणारा पांढरा थर याच क्षारांचा. हे पाणी सतत घातलं की पानांच्या कडा करपतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं, कारण ते हवेतल्या बाष्पाचं असतं.

गैरसमज: टोमॅटोची फुलं गळतात, म्हणजे खत कमी पडलं.
वस्तुस्थिती: साधारण 35 अंशांच्या वर परागकण निकामी होऊ लागतात, फळ धरत नाही. खत वाढवून उपयोग नाही, उलट मुळं भाजतात. पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा. उन्हाळ्यात गवार, भेंडी, मोगरा यांवर भर द्या.

परभणीत 1972 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आठवड्यातून दोनदा हवामान सल्ला देतं. तो शेतकऱ्यांसाठी असला, तरी परसबागेलाही लागू पडतो. नवी रोपं लावायची असतील, तर मृगाचा एक दमदार पाऊस होऊ द्या.