दिवाळींतील विजेचा हिशेब

बारवी धरणाच्या आसपासच्या गांवीं दिवाळी व भाताची मळणी बहुधा एकाच सुमारास येतात. सायंकाळीं घरोघर रोषणाई लागली कीं विजेचा दाब उतरूं शकतो. अशा वेळीं मळणीयंत्राची मोटार अधिक प्रवाह ओढून तापते, क्वचित् जळतेहि.

६० वॅटचा जुना दिवा पांच रात्री, पांच पांच तास ठेविल्यास १.५ युनिट वीज जाते. जवळजवळ तितकाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीस पाव युनिटहि लागत नाहीं.

मोठा खर्च मात्र अभ्यंगस्नानाचा. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारें ०.३५ युनिट लागतें. सहा माणसांस एका पहाटे दोन युनिटांहून अधिक. बारवीचें पाणी उल्हासनगरासारख्या शहरांस पोंचविण्यासहि वीज लागतेच; पण तेंच २० लिटर पाणी १०० मीटर उंच चढविण्यास हिशेबानें ०.००५५ युनिट पुरतें, पंपाची तूट धरून त्याच्या दुप्पट म्हणा.

ज्यांचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून आहे, त्यांनीं तो कल्हई तपासून अंगणांत मांडावा. बांधावरच्या वाळक्या काटक्या त्यास पुरतात. आणि मळणी दिवे लागण्यापूर्वीं उरकावी.