राज्य आधी, धर्म मागाहून : इस्लामची पहिली शतके

मक्केच्या आसपास शेती पिकत नव्हती. उघड्याबोडक्या डोंगरांमधल्या त्या कोरड्या खोऱ्याला आधार दोनच, झमझमची विहीर आणि काबा. काबाच्या यात्रेला अरबस्तानातल्या टोळ्या ठरलेल्या महिन्यांत येत. त्या महिन्यांत शस्त्र उचलणे निषिद्ध असे, त्यामुळे यात्रेबरोबर बाजारही निर्धास्त भरे. हा सगळा कारभार कुरैश टोळीच्या हाती होता. याच टोळीतल्या हाशिम घराण्यात इ.स. 570 च्या सुमारास महंमद पैगंबरांचा जन्म झाला. वडील अब्दुल्ला त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते, आई आमिनाही ते सहा वर्षांचे असताना गेली. आजोबांनी आणि त्यांच्यामागे चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. टोळीच्या पाठबळाशिवाय माणसाला मोल नसलेल्या समाजात पोरकेपण काय असते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. अनाथांचा वाटा गिळू नका, ही ताकीद कुराणात पुन्हा पुन्हा येते.

तरुणपणी ते खदीजा या श्रीमंत विधवेचा व्यापारी माल घेऊन तांड्याबरोबर जात. पुढे त्यांचा तिच्याशीच विवाह झाला. 610 च्या सुमारास हिरा डोंगरातल्या गुहेत चिंतनात असताना त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. देव एकच आहे, मृत्यूनंतर प्रत्येकाला आपल्या कर्मांचा जाब द्यावा लागेल आणि संपत्तीत गरिबांचा हक्क आहे, हा त्या संदेशाचा गाभा. खदीजा त्यांच्या पहिल्या अनुयायी ठरल्या. कुरैशांच्या पुढाऱ्यांना मात्र यात वाडवडिलांच्या दैवतांचा अपमान दिसला आणि काबाभोवती उभ्या असलेल्या आपल्या प्रतिष्ठेला धोकाही. छळ इतका वाढला की 615 च्या सुमारास काही अनुयायांनी समुद्र ओलांडून हबशी राज्यात आश्रय घेतला. तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना परत धाडायला नकार दिला.

खरे वळण आले ते 622 मध्ये. उत्तरेकडच्या यस्रिब गावात औस आणि खजरज या टोळ्या आपसातल्या वैराने थकल्या होत्या. तिथल्या लोकांनी पैगंबरांना बोलावले आणि ते मक्का सोडून तिकडे गेले. हीच हिजरत. पुढे खलिफा उमर यांच्या काळात कालगणना ठरली तेव्हा हेच वर्ष पहिले मानले गेले. यस्रिब आता मदिना म्हणून ओळखले जाऊ लागले. तिथे झालेल्या करारात वेगवेगळ्या टोळ्यांचा मिळून एक समाज, म्हणजे उम्मा, मानला गेला. रक्ताच्या नात्यापेक्षा श्रद्धेचे नाते मोठे धरणे, ही त्या काळच्या अरबस्तानात विलक्षण धाडसाची गोष्ट होती.

पुढची काही वर्षे मक्केशी झगडण्यात गेली. 624 मध्ये बद्रला विजय मिळाला, पुढच्या वर्षी उहुदला मोठी हानी झाली, 627 मध्ये मदिनेचा वेढा फसला. याच काळात मदिनेतल्या ज्यू टोळ्यांशी संबंध तुटले. दोन टोळ्यांना गाव सोडावे लागले, तर तिसरीच्या पुरुषांना ठार करण्यात आले. 630 मध्ये मक्का जवळजवळ न लढता हाती आली. काबातल्या मूर्ती हटवल्या गेल्या, पण बहुतेक विरोधकांना अभय मिळाले. 632 मध्ये पैगंबरांचे निधन झाले.

पहिले खलिफा अबू बकर यांनी फुटू पाहणाऱ्या टोळ्यांना पुन्हा एकत्र आणले. त्यांच्यानंतर उमर यांच्या दहा वर्षांत अरब फौजा सीरिया, इराक आणि इजिप्तमध्ये पोहोचल्या. 636 मध्ये यर्मूकच्या लढाईत बायझंटाइन सैन्य हरले. त्याच सुमारास कादिसियाला सासानी इराणचा पराभव झाला आणि 651 मध्ये ते साम्राज्यच संपले. एवढी मोठी राज्ये इतक्या लवकर कशी कोसळली? 602 ते 628 अशी सव्वीस वर्षे ती एकमेकांशी लढून पोकळ झाली होती. शिवाय इजिप्त-सीरियातल्या कित्येक ख्रिस्ती पंथांना कॉन्स्टँटिनोपलकडून पाखंडी म्हणून जाच होत होता, त्यामुळे त्या सत्तेसाठी मरायला ते फारसे उत्सुक नव्हते.

मात्र राज्य पसरले म्हणजे धर्म पसरला, असे झाले नाही. हा फरक नजरेआड केला की हा सगळा इतिहासच चुकीचा वाचला जातो. जिंकलेल्या मुलखात अरब सैनिक बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या लष्करी वसाहतींत वेगळे राहत आणि त्यांना सरकारी यादीप्रमाणे तनखा मिळे. खेड्यांतली वसुली जुनेच कारकून जुन्याच भाषांत करत. दमास्कसच्या उमय्या घराण्याची सत्ता आल्यानंतरही कितीतरी वर्षे दिरहमावर सासानी राजाचा मुखवटा आणि अग्निवेदी उमटत होती. खलिफा अब्द अल-मलिक यांनी सातव्या शतकाच्या अखेरीस नाणी आणि दफ्तर अरबीत आणले, तेव्हा कुठे राज्याला स्वतःचा चेहरा आला. जेरुसलेमचा सोनेरी घुमटही त्यांच्याच काळातला.

ख्रिस्ती, ज्यू आणि जरथुस्त्री प्रजेला जिझिया कर भरून आपला धर्म पाळता येई, मात्र दर्जा दुय्यम असे. कुणी मुसलमान झाला, तर त्याला एखाद्या अरब टोळीचा आश्रित व्हावे लागे, आणि कित्येकदा त्याचा जिझियाही सुटत नसे. धर्मांतरे वाढली की खजिन्याला तूट येई. नवमुसलमानांकडून जिझिया घेऊ नये, असा हुकूम खलिफा दुसरे उमर यांनी 717 ते 720 या आपल्या छोट्या कारकिर्दीत काढला, पण पुढे तो टिकला नाही. समतेचे वचन देणाऱ्या धर्मात आलेल्या माणसांना मिळालेली ही वागणूक त्यांच्या मनात सलत राहिली. 750 मध्ये उमय्यांना उलथून अब्बासी सत्तेवर आले, त्यात खुरासानमधल्या अशाच असंतुष्टांचा मोठा हात होता. इराणमध्ये मुसलमानांचे बहुमत व्हायला नववे-दहावे शतक उजाडले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इजिप्तमध्ये त्याहून उशीर लागला.

या घोडदौडीत घरची फूटही मोठी होती. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात कुराणाची प्रमाण प्रत तयार झाली, पण 656 मध्ये त्यांची हत्या झाली. चौथे खलिफा अली यांनाही 661 मध्ये तेच मरण आले. 680 मध्ये करबलाच्या मैदानात अलींचे पुत्र हुसेन मारले गेले आणि शिया-सुन्नी दुरावा कायमचा झाला. तरीही 711-712 पर्यंत अरब फौजा एकीकडे स्पेनमध्ये आणि दुसरीकडे सिंधमध्ये उतरल्या होत्या.

कोकणात मात्र राज्याआधी धर्म आला, आणि तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला. 916 च्या सुमारास आलेल्या अल-मसूदी या अरब प्रवाशाने चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहून ठेवले. त्यात इथेच जन्मलेलेही होते. खिलजीची फौज देवगिरीवर आली ती 1296 मध्ये, म्हणजे पावणेचारशेहून अधिक वर्षांनी. अल-मसूदी आला तेव्हा इथे राज्य होते राष्ट्रकूटांचे, आणि त्यांनी संजाण भागाचा कारभारच मधुमती नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपवला होता. महंमद या नावाचेच हे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक सांगतात. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या 926 च्या ताम्रपटात त्याने प्रवाशांसाठी मोफत होड्या आणि अन्नछत्र चालवल्याचा आणि देवीच्या मठाला दान दिल्याचा उल्लेख आहे.