बांधीतल्या चिखलाचे दोन थर आणि हरवणारा युरिया

यंदा रोवणी आटोपली की एक लहानसा प्रयोग घरी करून पाहावा. लोणच्याची मोठी रिकामी काचेची बरणी घ्यावी. तिच्यात बांधीतला चिखल अर्ध्यापर्यंत भरावा, थोडी बारीक केलेली तणस त्यात कालवावी, वर चार बोटे पाणी ठेवावे आणि बरणी उघडीच, न हलवता उजेडात ठेवून द्यावी. दोन-तीन आठवड्यांत चिखलाचे दोन रंग दिसू लागतील. वरचा अगदी पातळ थर, काही मिलिमीटर ते फार तर एखादा सेंटीमीटर, तांबूस-पिवळसर राहील. त्याखालचा सारा चिखल निळसर-राखाडी होईल. आमच्या वर्गात ही बरणी ठेवली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वरून वेगळी माती टाकली का?" माती एकच आहे. फरक पडला तो प्राणवायूचा.

पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. बांधीत पाणी साचले की मातीतील जिवाणू उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. मग त्यांची उपासमार होते असे नाही. ते नायट्रेटमधील, आणि पुढे लोहाच्या गंजातील प्राणवायू ओढून घेतात. गंजाचा तांबडा रंग त्यामुळे जातो व माती राखाडी दिसते. पाण्याला लागून असलेल्या पातळ थराला मात्र पाण्यात विरघळलेला थोडा प्राणवायू मिळत राहतो, म्हणून तो तांबूस राहतो.

अशा गुदमरलेल्या चिखलात तूर जगणार नाही, धान जगते. याचे कारण धानाच्या खोडापासून मुळापर्यंत असलेल्या पोकळ नळ्या होत. पानांकडून आलेली हवा या नळ्यांतून मुळांपर्यंत पोचते. एखादा चूड उपटून धुऊन पाहिल्यास मुळांवर तांबूस लेप दिसतो. मुळांतून झिरपलेल्या प्राणवायूने सभोवतालच्या लोहाला चढलेला तो गंज आहे!

आता युरियाकडे वळू. चिखलातील या दोन थरांमुळे नत्र कसे नाहीसे होते, हे जपानमधील शास्त्रज्ञ शिओइरी यांनी दाखवून दिले. युरिया पाण्यात विरघळून काही दिवसांतच त्याचे अमोनियम बनते. हे अमोनियम खालच्या राखाडी थरात असेल तर ते मातीच्या कणांना चिकटून सुरक्षित राहते आणि धानाची मुळे ते हळूहळू उचलतात. परंतु ते वरच्या तांबूस थरात राहिले, तर तेथील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही. ते पाण्याबरोबर खाली राखाडी थरात उतरते, आणि प्राणवायूसाठी आसुसलेले तेथील जिवाणू त्यातील प्राणवायू काढून घेतात. उरलेले नत्र वायू होऊन हवेत जाते. दोन थरांतले अंतर बोटभरही नाही, पण खताचा दाणा कोठे पडला यावर त्याचे भवितव्य ठरते.

दुसरी गळती तर भर दुपारी होते. बांधीच्या पाण्यात शेवाळ असते. उन्हात ते पाण्यातील कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू ९ च्याही वर जाऊ शकतो आणि रात्री पुन्हा खाली येतो. सामू वाढला की पाण्यातील अमोनियम अमोनिया वायू बनून उडून जाते. (शेवाळाला सरसकट दोष देऊ नये. धानाच्या बांधीतील निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, हे आपल्याच देशातील शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले होते.)

यात आपले किती पैसे जातात? ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या युरियातील नत्रापैकी पिकाला बहुधा ३० ते ४० टक्केच मिळते. म्हणजे तीन पोती टाकली तर धानाच्या तोंडी एक ते सव्वा पोते लागते. उरलेल्यातील काही भाग मातीत राहतो, पण मोठा भाग हवेत जातो. पीक पिवळे दिसले की आपण चौथे पोते आणतो. त्याचीही तीच गत होते, शिवाय जे नत्र मिळते ते अवेळी मिळाल्याने कीड-रोगांना आमंत्रण मिळते.

उपाय एका वाक्यात सांगायचा तर, युरिया राखाडी थरात पोचवावा. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत यासाठी युरिया-डीएपीच्या (६०:४०) २.७ ग्रॅम वजनाच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, वापरतात. रोवणी दोरीवर १५-२५ सें.मी. अशा आलटून-पालटून अंतराने दोन्ही दिशांना करावी. जवळच्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध एक ब्रिकेट, रोवणीच्या दिवशीच, ७ ते १० सें.मी. खोल खोवावी व भोक चिखलाने बुजवावे.

चार चुडांना एकच गोळी कशी पुरेल, असा प्रश्न नेहमी येतो. हिशेब करून पाहा. सरासरी अंतर २० सें.मी. धरल्यास एका चौरस मीटरमध्ये २५ चूड बसतात. चारांस एक याप्रमाणे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे जवळपास १७० किलो खत. त्यातून सुमारे ५९ किलो नत्र व ३१ किलो स्फुरद मिळते, आणि प्रत्येक चूड आपल्या गोळीपासून सारख्याच अंतरावर असतो.

हे काम वाकून करावे लागते आणि रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून पहिल्या वर्षी घराजवळच्या एकाच बांधीत करावे. पाणी न धरणाऱ्या रेताड बांधीत मात्र गोळीचा फायदा कमी मिळतो, कारण नत्र पाण्याबरोबर खाली निघून जाते.

ज्यांना फेकूनच युरिया द्यायचा आहे त्यांनी तो हप्त्यांनी द्यावा, आणि देण्यापूर्वी बांधीतले पाणी काढून एक-दोन दिवसांनी पुन्हा बांधावे. येथेच आपल्या भंडारा जिल्ह्यातील अडचण येते. वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत जाते, खालची बांधी बहुधा दुसऱ्याची असते, आणि काढलेले पाणी परत मिळेल याची कोरडवाहू शेतकऱ्याला खात्री नसते. अशा वेळी निदान पाणी उतरून दोन बोटांवर आले असता, ढगाळ दिवशी वा सायंकाळी युरिया द्यावा.

मामा तलावाच्या पाण्यावर शेवटी असलेल्या बांध्यांत आणखी एक गोष्ट घडते. पाळी येईपर्यंत बांधी सुकून भेगाळते, हवा आत शिरते आणि खोलवरच्या अमोनियमचेही नायट्रेट होते. मग पाणी आले की ते वायू होऊन निघून जाते. म्हणून सुकलेल्या बांधीला युरिया देऊन मग पाण्याची वाट पाहू नये.

२०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निमतेलाचा लेप देणे बंधनकारक झाले आहे. निमामुळे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते. दुपारी उडून जाणारा अमोनिया मात्र निम रोखत नाही.

पडताळा पाहायचा असल्यास एकाच बांधीत मधोमध धुरा घालावा. एका भागात ब्रिकेट, दुसऱ्यात तेवढ्याच नत्राचा युरिया आणि तेवढेच स्फुरद द्यावे. वाण, पऱ्ह्यांचे वय व रोवणीचा दिवस एकच ठेवावा आणि मळणीला दोन्हींचे धान वेगवेगळे मोजावे.