शोधायलाही शिकावं लागतं

जून 2001. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दम्याविषयीच्या एका प्रयोगात भाग घेतलेली 24 वर्षांची धडधाकट तरुणी दगावली. प्रयोगासाठी तिला हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिलं होतं.

संशोधकाने आधी माहिती शोधली होती. त्याने वैद्यकीय निबंध शोधायचं 'पबमेड' हे संकेतस्थळ पाहिलं, पाठ्यपुस्तकही पाहिलं. पण तेव्हा पबमेडची सूची 1966 पासून सुरू व्हायची आणि या औषधाने फुफ्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी होत्या 1950च्या दशकातल्या. छापील निबंध ग्रंथालयांच्या कपाटांत होते. शोध तिथवर पोचलाच नाही.

पुरावा शोधणं हे नाडी पाहण्याइतकंच डॉक्टरांचं काम आहे. मग ते त्यांना कितपत जमतं, हे तपासायचं कसं?

एक उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोहून आलं. तिथल्या वैद्यकीय शिक्षकांनी 2003 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'फ्रेस्नो चाचणी' मांडली. ती सुरू होते रुग्णांपासून. 11 वर्षांचा एक मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो. त्याच्यासाठी गजराचं यंत्र बरं की डेस्मोप्रेसिन हे औषध? डॉक्टरने आधी प्रश्न नेमका मांडायचा: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि साधायचं काय. मग उत्तर कुठे शोधणार आणि 'मेडलाइन' या पबमेडच्या मुख्य सूचीमध्ये कोणते शब्द कसे जोडणार, हे कारणांसह लिहायचं. नुसत्या पर्यायांवर खुणा करून इथे भागत नाही. एकूण गुण 212.

शब्द निवडण्यावर इतका भर का? अंथरूण ओलं करण्याला एक लेखक 'बेडवेटिंग' लिहितो, दुसरा 'एन्युरेसिस'. एकाच शब्दावर विसंबलं तर निम्मा पुरावा निसटू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 'मेश' हा विषयशब्दांचा कोश केला आहे. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, त्या निबंधाला कोशातला ठरलेला शब्द जोडला जातो. अर्थात तो शब्द शोधणाऱ्याला ठाऊक हवा. शोध फार आखडला तर महत्त्वाचा निबंध हुकतो, फार सैल सोडला तर हजारो निबंधांच्या ढिगाऱ्यात तो हरवतो.

आज पबमेडवर साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि ते मोबाइलवरही फुकट उघडतं. ढीग वाढला, तसं नेमकं शोधणं अधिकच अवघड झालं. वैद्यकीय महाविद्यालयांनी तोंडी परीक्षेत स्टेथोस्कोपच्या जोडीला एक संगणकही ठेवावा आणि विद्यार्थ्याला सांगावं, 'या रुग्णासाठीचा पुरावा आमच्यासमोर शोधून दाखव.'